राजाची घोंगडी

फार पूर्वी एका राज्यात एक घोंगडी होती, आणि तिचा मान राजापेक्षा मोठा होता. दर बाजाराच्या दिवशी ती राजवाड्यासमोरच्या लिंबाखाली अंथरली जाई. एका टोकाला राजा बसे, दुसऱ्या टोकाला ज्याचं गाऱ्हाणं असेल तो. राजाने आधी त्याला गूळ-पाणी द्यायचं, मगच बोलणं सुरू. मध्ये ना भालदार, ना चोपदार.

राजा काही देवमाणूस नव्हता. त्या वर्षी त्याने चराईवर कर बसवला आणि लोक चिडले. बाजाराच्या दिवशी रांगेत तलावाचा राखणदार उभा होता. त्याच्या पुढच्या तरुणाच्या उपरण्याखाली सुरा आहे, हे त्याला स्पष्ट दिसलं. एक हाक पुरली असती. पण राखणदाराच्याही चार म्हशी होत्या. तो गप्प राहिला.

राजाने गुळाचा खडा पुढे केला आणि तरुणाने सुरा चालवला.

"बरं झालं, गेला एकदाचा," राखणदार घरी येऊन म्हणाला.

त्याची आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही रे बाबा, काळ सोकावतो."

अर्धं राज्य मारेकऱ्याला वीर म्हणू लागलं, अर्धं खुनी. शेजारी शेजाऱ्याच्या विहिरीवर जाईना. चराईचा कर काही उठला नाही, कारण नव्या राजाला पहारेकरी वाढवायचे होते आणि त्यांचा पगार त्यातूनच निघणार होता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नव्या राजाने घोंगडी मधोमध कापली. एक तुकडा लिंबाखाली, दुसरा वीस हात लांब. लोक ओरडून गाऱ्हाणी सांगू लागले. पण सासरचा जाच कोण ओरडून सांगेल? बायका यायच्या बंद झाल्या. हा राजा वीर म्हणणाऱ्यांनी बसवला, असं मानून पुढे खुनी म्हणणाऱ्यांनी त्यालाही बाणाने टिपलं. बाणाला वीस हात म्हणजे काहीच नाही.

तिसऱ्या राजाने भिंतच बांधली. बाहेर कारभारी ऐकायचा आणि आत जाऊन राजाला रुचेल तेवढं सांगायचा.

अशी काही वर्षं गेली. तलावाचा मातीचा बांध थोडा पाझरतोच, पाणी नितळ असलं तर चिंता नसते. गढूळ आलं की समजावं, आतली माती वाहून चालली आहे. एका पावसाळ्यात सकाळी राखणदाराला पाणी गढूळ दिसलं. बांधाची मोरी उघडून तलाव उतरवायला हवा होता, आणि ती राजाच्या हुकमाशिवाय उघडत नसे. बांधाखालच्या आळीत त्याची लेक नांदत होती. त्याने तांब्या भरून घेतला आणि खांद्यावरच्या कुदळीसकट तो तडक राजवाड्याकडे धावला.

"कुदळ कशाला आणलीस? आणि तांब्यात काय आहे, विष?" पहारेकऱ्याने दरडावलं.

"बांधाचं पाणी आहे, दादा. गढूळ आलंय. राजांना दाखवू द्या, वेळ नाही!"

"सगळे असंच सांगून येतात."

त्यांनी पाणी ओतून टाकलं आणि त्याला कोठडीत घातलं. कारभारी आत जाऊन म्हणाला, "महाराज, कुदळ घेऊन एक जण आला होता. धरला."

"शाबास," राजा म्हणाला.

दुपारी बांध फुटला. खालची आळी वाहून गेली. राखणदाराची लेक सापडली नाही.

तो बांधाचीच खबर घेऊन आला होता, हे आता राजाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीपाशी उभं केलं. आतून राजाचा आवाज आला, "तुला माहीत होतं, तर माझ्यापर्यंत का पोचवलं नाहीस?"

"पोचवायला एक घोंगडी होती, महाराज," राखणदार म्हणाला. "तिच्यावर सुरा चालला तेव्हा मी मागेच उभा होतो. मला दिसला होता. मी बोललो नाही." मग तो हमसून हमसून रडला.

राजाने भिंत पाडायचा हुकूम दिला. घोड्यांच्या पागेत पडलेले घोंगडीचे दोन तुकडे शोधून शिवून घेतले. भिंत पडायला एक दिवस लागला. घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला कोणी येऊन बसायला मात्र बारा वर्षं गेली.

तात्पर्य इतकंच: राजावर चाललेला सुरा राजापाशी थांबत नाही, रांगेत मागे उभ्या असलेल्यांचं गाऱ्हाणंही तो कापून नेतो.