केरबाने भरलेलं छत

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात केरबा नावाचा गवंडी राहायचा. हात मोठा सढळ. जिथे चार घमेली माल पुरेल तिथे तो सहा घालायचा आणि वर म्हणायचा, की जाड बांधलं म्हणजे झोप नीट लागते. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची होती आणि एकही भिंत कधी कलली नव्हती. त्यामुळे त्याला कोणी काही बोलत नसे. बोललं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

केरबाला एकच लेक, रोहिणी. ती शहरात शिकून इंजिनिअर झाली होती. गावच्या बालवाडीचं छत पार खचलं, तेव्हा ग्रामसभेने नवं छत करायला तिलाच बोलावलं. ती आली ती एक यंत्र घेऊन. यंत्राला लांब हात होता आणि हाताच्या टोकाला तोंड. सोऱ्यातून चकली पडावी तसा त्या तोंडातून काँक्रीटचा माल पडायचा, थरावर थर. कुठे किती पाडायचा ते रोहिणी आधी कॉम्प्युटरवर मांडायची. छतावर वजन आलं की ते कुठून कसं खाली उतरतं, ते तिला तिथे दिसायचं. ज्या वाटेने वजन उतरतं तिथेच माल, बाकी जागा रिकामी. असे तुकडे जमिनीवर करून घ्यायचे, मग टेकूंवर एकाला एक भिडवून कमान उभी करायची. वरून बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखे नुसते कप्पे.

"आबा, सिमेंटसाठी भट्ट्या जळतात. वाळू आपल्याच नदीतून उपसतात, म्हणून विहिरी आटल्या," ती बापाला म्हणाली. "कमी मालात तेवढंच दणकट होत असेल, तर जास्ती कशाला घालायचा?"

केरबाला ते पटलं. निदान मान तरी त्याने हलवली. तुकडे त्याने स्वतः बसवले आणि एक सांधा इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

पण त्या गावाची एक रीत होती. सगळ्यांच्या उपयोगाचं काम निघालं की घरटी एक पोतं सिमेंट द्यायचं. पोत्याला हळदकुंकू लावून आणायचं. आपलं पोतं कामात पडलं म्हणजे आपल्या घराचा हात लागला, असं सगळे मानायचे. ह्या खेपेला छत उभं राहिलं तरी कितीतरी पोती बालवाडीच्या पडवीत तशीच. ज्याला त्याला येता-जाता आपलं पोतं दिसायचं. कोणी विचारलं, आमच्या पोत्यात काय माती भरली होती? कोणी म्हणालं, केरबाचा हात म्हातारपणी आखडला वाटतं. मालन नावाच्या बाईचं पोरगं बालवाडीत होतं. ती छताखाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली, मग केरबाकडे वळली.

"केरबादादा, ह्या पापडाखाली माझं पोर बसवू मी?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती. आणि ती भीती केरबालाही लागली.

दुसऱ्या दिवशी रोहिणी फरश्या बघायला तालुक्याला गेली. जाताना सांगून गेली, की छतावरचं गोणपाट ओलं ठेवा आणि कप्प्यांना हात लावू नका. केरबा वर चढला. गोणपाट उचलून त्या रिकाम्या कप्प्यांकडे बघत बसला. त्याला वाटलं, लेकीचं गणित असेल बरोबर, पण जरा जास्ती घातलेलं कोणाला बाधलंय? लेकरांच्या डोक्यावरचं छत आहे. शिवाय उरलेली पोती लागतील, कोणाचं तोंड वाकडं राहणार नाही. त्याने माल कालवला आणि कप्पे भरायला घेतले. नदीकडची बाजू भरून झाली आणि पोती संपली. वर पुन्हा गोणपाट अंथरून त्याने पाणी मारलं. गावाला सांगितलं, तुमची पोती लागली. लेकीला सांगितलं, ज्याची त्याने परत नेली.

टेकू काढायच्या दिवशी सगळं गाव जमलं. रोहिणीने दोरी बांधून सगळ्यांना लांब उभं केलं, मुलांना त्याहून लांब. गडी बाहेरून एकेक टेकू सैल करायला लागले. थोडेच झाले असतील, तोच कडाड आवाज आला. नदीकडच्या अंगाला चीर पडली. एक तुकडा निखळून खाली आला आणि त्याचा चुरा झाला. रोहिणीने गड्यांना थांबवलं म्हणून बाकीचं छत टेकूंवर राहिलं.

खाली कोणी नव्हतं. तरी मालनने पोराला उराशी घट्ट धरलं.

सरपंच म्हणाले, की कॉम्प्युटरवर घर बांधता येतं, पण त्यात राहता येत नाही. हे सगळं पाडायचं, वीतभर जाडीचा साधा स्लॅब टाकायचा, आणि रोहिणीताईंनी आपलं यंत्र घेऊन जावं. मागे कोणीतरी हसलं. रोहिणी कॉम्प्युटर उघडून आकडे पुन्हा पुन्हा बघत होती. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "माझंच कुठेतरी चुकलं असेल."

केरबा तिथेच उभा होता. तो गप्प राहिला असता तर छत पाडलं गेलं असतं, राडारोडा उचलला गेला असता, आणि उभ्या जन्मात मिळवलेलं नाव तसंच राहिलं असतं. लेकीचं मात्र गेलं असतं. त्याने शिडी लावली. वर जाऊन बांबूने गोणपाट ओढून खाली टाकलं. भरलेले कप्पे सगळ्यांना दिसले.

"हिचं काही चुकलं नाही," तो वरूनच म्हणाला. "हे मी भरलं. तिने नको म्हणून सांगितलं होतं. तुमच्याशी खोटं बोललो आणि तिच्याशीही."

सरपंचांना काही पटेना. जास्ती माल घातल्यावर छत पडतंच कसं, असं ते विचारत राहिले. तेव्हा रोहिणी म्हणाली, "डोक्यावर पाटी घेणाऱ्या बाईला विचारा. पाटी जड असली तरी ती चालते. एकाच अंगाला जड झाली की तोल जातो. हा माल छताला धरून नव्हता, नुसता त्याच्या उरावर बसला होता."

मग तिने बापाकडे बघितलं. "आबा, मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

लोक हसले, आणि रोहिणीलाही हसू आवरेना. मालन पुढे झाली. म्हणाली, जो माणूस आपलं चुकलेलं असं चारचौघांत सांगतो, त्याच्या हाताचा मला भरवसा आहे. फक्त ह्या वेळी काही भरायचं नाही. सरपंचांनी आणखी एक संधी दिली.

आता सिमेंट पाहिजे होतं. केरबा स्वतः घरोघर गेला. प्रत्येक दारात आधी सांगायचा, की तुमचं पहिलं पोतं मी वाया घालवलं. मग घरटी एकच घमेलं मागायचा. लोक पूर्ण पोतं पुढे करायचे, तो हात जोडून नको म्हणायचा. रोहिणीने जेवढं सांगितलं होतं तेवढं घरटी एका घमेल्यात भागलं, आणि एकही घर राहिलं नाही.

भरलेले तुकडे उतरवले आणि त्यांच्या जागी यंत्राने नवे केले. केरबाने बसवले. ह्या वेळी टेकू निघाले आणि छत जागचं हललं नाही. रोहिणीने वर वाळूची पोती चढवून बघितली, दोन्ही अंगांना सारखी. छताने हूं की चूं केलं नाही. तेव्हा मालनने पोराचा हात सोडला आणि ते पळत आत गेलं.

पुढे लांबलांबच्या गावांतून माणसं ते पातळ छत बघायला यायची आणि विचारायची, कोणी बांधलं?

"माझ्या लेकीनं," केरबा म्हणायचा. "एकदा मोडलं होतं, ते मी."

दोन्ही वाक्यं बोलताना त्याची मान सारखीच ताठ असायची.

तात्पर्य एवढंच: भीतीपोटी वर घातलेलं आधार होत नाही, ओझं होतं; म्हणून जिथे जेवढं लागतं तिथे तेवढंच द्यावं. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी जात असेल, तर गप्प न राहता आपणच पुढे व्हावं. त्याने आपलं नाव जात नाही, उलट दोघांचं राहतं.