घाबरायचा पगार

लिथियम बॅटऱ्या विमानात चढवण्याआधी त्या तापवून, आपटून, हादरवून पाहायचं काम चाचणी केंद्रातल्या मालिनीबाई घैसासांकडे होतं. बाई इतक्या भित्र्या, की कुकरच्या शिट्टीलाही दचकायच्या, आणि ते स्वतःच हसत सांगायच्या.

एकदा बडे कारखानदार निकमसाहेब तावातावाने आले. "माल आजच विमानात चढायला हवा. चाचणी राहू द्या, सही करा. एवढं घाबरता, तर इथे नोकरी कशाला करता?"

"साहेब, मला घाबरायचाच पगार मिळतो," बाई म्हणाल्या. "मी घाबरणं सोडलं, तर ते काम विमानातल्या माणसांना फुकट करावं लागेल."

निकमसाहेबांनी चाचणीचा अर्ज भरला. तिसऱ्या दिवशी त्यांची एक बॅटरी भडकली, तेव्हा जाड काचेआडून पाहणारे साहेब हळूच बाईंच्या पाठीमागे सरकले.