करपलेली कॉइल

माणसं सिगारेट सोडून यंत्रातली वाफ ओढायला लागली, त्या काळची ही गोष्ट. विभव नावाच्या माणसाकडे असं एक यंत्र होतं. त्यात निकोटिनचा रस भरायला काचेची टाकी होती आणि त्या रसाची वाफ करायला तारेची कॉइल.

एकदा विभवनं नवी कॉइल बसवली. तिच्या पोटातला कापूस आधी रसात नीट भिजू द्यायचा असतो, पण याला कुठला धीर! रस ओतला आणि लगेच बटण दाबलं. कोरडा कापूस करपला आणि विभवच्या घशाला चटका बसला.

"भिकार कॉइल!" तो खोकत ओरडला.

कॉइल भडकली. "घाई तुझी, आणि भिकार मी?"

"गप गं," टाकी म्हणाली. "मला दर रविवारी कोमट पाण्यानं धुतो, मऊ फडक्यानं पुसतो. फार निगा राखतो तो."

"काचेची राखतो! मी करपले की दुसरी आणतो. पण ही वाफ जाते कुठं? तिथं त्याच्या छातीत जी फुफ्फुसं बसलीत, त्यांना कोण धुतं? ती करपली तर बदलून कोण देणार? बोल ना, मेले!"



विभवनं कॉइल कचऱ्याच्या डब्यात भिरकावली आणि दुसरी काढली. कापूस पांढराशुभ्र आहे ना, म्हणून ती उजेडात धरून तो निरखू लागला.

"तिच्या आत काय बघतोस, मुडद्या?" डब्यातून कॉइल किंचाळली. "स्वतःच्या आत बघ!"

विभवला काही ऐकू गेलं नाही. तो खोकत होता.