इवली आणि गाडीचं गंजकं दार

एक होती निळी गाडी. जुनी जुनी, म्हातारी. कुशानानांच्या अंगणात उभी असायची. पूर्वी अशी धावायची, अशी धावायची, की मागून वारा धापा टाकत यायचा. खोटं वाटतं? वाऱ्याला विचारा!

गाडीच्या दारात राहायची एक उंदरी. इवलीशी होती, म्हणून नाव इवली. तिची पिल्लं तिच्याहून इवली. दाराच्या पोटात कापसाची गादी. गादीवर पिल्लं गाढ झोपलेली.

एकदा काय झालं, दाराला लागला गंज. गंज मोठा खादाड. पत्रा खाई कुरुम कुरुम. खाता खाता पडलं भोक. भोकातून शिरला वारा, भुर्रर्र! गादी गेली उडून, भुर्रर्र! पिल्लं लागली कुडकुडू. हुहुहू!

इवली म्हणाली, "आज गादी गेली. उद्या पिल्लं पडली तर?"

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पडवीत होता निळा रंग. डब्यात डुलत होता, डुबुक डुबुक.

"रंगा रंगा, भोक बुजव!"

"छे बाई! असा कसा बसू? पापुद्रा होऊन पडेन. आधी माझ्याखाली प्रायमर बसू दे."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेजारी होता तांबडा प्रायमर.

"प्रायमरदादा, बस ना!
रंग म्हणतो, प्रायमर हवा.
पिल्लांना माझ्या दार हवं!"

"छे बाई! भोकावर कसा बसू? धप्पकन आत पडेन. आधी लांबी हवी."

लांबी? इवलीने डोकं खाजवलं. सगळ्यात लांब कोण बरं?

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पोचली मांडवाखाली. मांडवाला लोंबत होतं पडवळ.

"पडवळदादा, चल ना!
रंग म्हणतो, प्रायमर हवा.
प्रायमर म्हणतो, लांबी हवी.
पिल्लांना माझ्या दार हवं!"

पडवळ हसलं खो खो खो. हसता हसता झुललं इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"अगं वेडाबाई, मी लांब आहे. मी लांबी नाही! लांबी म्हणजे गाडीचे खड्डे भरायचा लगदा. ती बघ, फळीवर बसलीय डब्यात."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

फळीवर होती लांबी. नाव लांबी, आणि दिसायला? बुटकी न् गोलमटोल!

"लांबीताई, भोक भर ना!
रंग म्हणतो, प्रायमर हवा.
प्रायमर म्हणतो, लांबी हवी.
पिल्लांना माझ्या दार हवं!"

"छे बाई! गंजाशी माझी कट्टी. आधी पॉलिशपेपरला गंज घासू दे."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खिळ्याला टांगला होता पॉलिशपेपर. अंगाने खरखरीत, बोलायलाही खरखरीत.

"पेपरकाका, गंज घासा ना!
रंग म्हणतो, प्रायमर हवा.
प्रायमर म्हणतो, लांबी हवी.
लांबी म्हणते, पेपर हवा.
पिल्लांना माझ्या दार हवं!"

"छे बाई! मला कुठे हात आहेत? आधी नानांचा हात हलू दे."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाजेवर झोपले होते कुशानाना. घोर्रर्र, घोर्रर्र.

"नाना नाना, उठा ना!
रंग म्हणतो, प्रायमर हवा.
प्रायमर म्हणतो, लांबी हवी.
लांबी म्हणते, पेपर हवा.
पेपर म्हणतो, हात हवा.
पिल्लांना माझ्या दार हवं!"

नानांनी एक डोळा उघडला.

"छे बाई! हळू बोल, आत ऐकू जाईल. मागे मी लांबी लावली, ती नानीच्या उलथन्याने. उलथनं तसंच ठेवलं. मग नानीचं थालीपीठ बसलं उलथन्याला चिकटून! तेव्हापासून नानी रुसलीय. नानी हो म्हणाली, तरच मी उठेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चुलीपाशी होती सरूनानी. थालीपीठ थापत होती, थप थप थप.

"नानी नानी, हो म्हण ना!
रंग म्हणतो, प्रायमर हवा.
प्रायमर म्हणतो, लांबी हवी.
लांबी म्हणते, पेपर हवा.
पेपर म्हणतो, हात हवा.
नाना म्हणतात, नानी हवी.
पिल्लांना माझ्या दार हवं!"

नानीने कमरेवर हात ठेवले. "मुळीच नाही! माझं चांगलं उलथनं..."

नानी थांबली. खाली वाकली.

"काय म्हणालीस? पिल्लं? या वाऱ्यात?"

"हो ना, नानी. गादीसुद्धा उडाली."

"अगं बाई गं!" नानी ओरडली. "अहोऽऽ! लोळताय काय? उठा! आणि हे उलथनं ठेवा तुम्हालाच. माझ्या तव्याजवळ परत आणाल तर बघा!"

मग काय विचारता!

नानी म्हणाली हो.
नाना उठले टुणकन.
हाताने धरला पेपर.
पेपरने घासला गंज, खस्स खस्स. गंजाचा झाला भुगा!
आतून बसलं पत्र्याचं ठिगळ, ठोक ठोक.
ठिगळावर बसली लांबी, चापून चोपून.
लांबीवर बसला प्रायमर.
प्रायमरवर बसला रंग. निळा निळा, आभाळासारखा!

पिल्लं तोवर कुठे? नानीच्या पदरात. नानीने त्यांना नवी गादी दिली, जुन्या लुगड्याच्या चिंधीची. मऊ मऊ.

इवलीने दार पाहिलं. वरून पाहिलं, खालून पाहिलं.

"नाना, तळाशी एक बारीक भोक राहिलं!"

"राहिलं नाही गं, ठेवलंय. आत पाणी साचलं, की गंज परत येतो. पाण्याला जायला वाट नको?"

"आणि मला यायला!" इवली म्हणाली. शिरली आत, सुळ्ळकन. आली बाहेर, सुळ्ळकन. गादी नेली आत, पिल्लं नेली आत.

मग इवलीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. नानीला केला. नानांना केला. पेपरला केला, लांबीला केला, प्रायमरला केला. शेवटी रंगाला केला. रंग होता ओला! इवलीच्या नाकाला लागला निळा टिळा.

"तुम्ही होतात, म्हणून माझं घर झालं!" इवली म्हणाली.

नानी हसली. नाना हसले. दारात पिल्लं चुंई चुंई हसली.

पिल्लांना मिळाली ऊब,
तुम्ही झोपा खूप खूप!