दोन रिव्हॉल्व्हरं आणि मूठभर माती

“थोराड घेऊ, का लहान चणीचं?”

रंगरावानं फडक्याची गाठ सोडली आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं आखाड्याच्या दगडी कठड्यावर मांडली. दोन्ही वापरलेली, इनामदारांच्या कोठीत पडून असलेली. गोळ्या काढून ठेवल्या होत्या. दिवस मावळायच्या आत एक ठेवून घ्यायचं आणि दुसरं परत करायचं, असा इनामदारांचा निरोप होता.

कासम वस्ताद मातीत ताक कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता बंदुकीतलं वस्तादांना काय कळत होतं? डोंबल. पण कुणाचं अंग कुणाला झेपेल, हे नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. कुस्तीची जोड लावावी तर त्यांनीच. म्हणून तर रंगराव, गावात एवढा रुबाब असलेला गडी, बायकोलाही न सांगता तालमीत आला होता.

“हे थोराड बघा,” तो म्हणाला. “हातात भरतं. बार उडाला तरी हात हलत नाही म्हणतात. पण कमरेला लावलं की सदऱ्यातून फुगून दिसतं. साऱ्या गावाला कळेल.”

“कळू दे की.”

“मग दौलतलाही कळेल.”

“आणि ते धाकटं?”

“ते बंडीच्या खिशात मावतं. कुणाला पत्ता लागायचा नाही. पण माझ्या पंजात ते हरवतं, वस्ताद. बार उडाला की उसळी मारतं. नेम चुकायचा.”

“आणि नाही चुकला तर?”

रंगराव फडक्याचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागला...

दौलत आणि तो याच मातीत वाढलेले. दोघांची जोड वस्तादांनीच लावलेली, सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या अंगाशी झोंबून दोघं मोठे झाले. पुढं विहीर सामाईक निघाली आणि पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलं. परवा भर बाजारात दौलत म्हणाला होता, ‘आता विहिरीवर पाऊल टाकून तर बघ, तंगडं मोडून हातात देतो.’ आणि उद्या पहाटेची पाळी रंगरावाची होती.

“त्याला मारायचंय तुला?” वस्तादांनी विचारलं.

“छे, छे.”

“मग?”

“...भीती वाटते, वस्ताद.”

एवढी साधी गोष्ट, पण ती त्यानं आजवर कुणापुढं कबूल केली नव्हती. बोलून झाल्यावर त्याला रडूच यायला लागलं. तो भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडं बघत राहिला. खालचा दिवा वस्तादांनी नुकताच लावला होता.

वस्तादांनी हात झटकले.

“धरून दाखव. दोन्ही. कुठलं शोभतंय बघू.”

रंगराव उठला, वाकला. आणि वाकता वाकता त्याचे दोन्ही तळवे आपसूक मातीत गेले. खसाखसा चोळले गेले. मग त्यानं एका हातात थोराड उचललं, दुसऱ्यात धाकटं.

ताकातेलाची ओली माती ती. चापाच्या फटीत शिरली, गोळ्यांच्या चक्रीत शिरली. त्यानं अंगठ्यानं थोराडाची चक्री फिरवून बघितली तर ती करकरली आणि अडली. धाकट्याचीही तीच गत.

“आता इनामदारांना काय तोंड दाखवू?” दोन्ही कठड्यावर ठेवून तो कपाळाला हात लावत म्हणाला. कपाळालाही माती लागली.

वस्ताद पोट धरून हसले.

“हे काय केलंस रे, रंग्या?”

“सवय, वस्ताद. काही धरायचं म्हटलं की हात आधी मातीत जातात. मोडत नाही ती.”

“अर्धी मोडलीय.”

“म्हणजे?”

“धरायच्या आधी माती घ्यायची, बरोबर. पण पहिली मूठ कुणाची?”

रंगरावाची मान खाली गेली. तालमीत पहिल्या दिवशी आलेलं पोरही याचं उत्तर देईल. घामानं अंग निसटतं, म्हणून समोरच्याच्या पाठीवर आपण माती टाकायची आणि आपल्या पाठीवर त्यानं. मग आपले हात. मग कुस्ती.

“जोडीदाराची,” तो पुटपुटला.

वस्तादांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसली, फडक्यात ठेवली आणि गाठ मारून गाठोडं त्याच्या पुढ्यात सरकवलं.

बाहेर उन्हं उतरली होती. इनामदारांच्या वाटेला लागायची वेळ झाली. रंगराव गाठोडं घेऊन दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

“पण वस्ताद, तुम्ही सांगितलंच नाहीत. थोराड घेऊ का लहान?”

वस्तादांनी मूठभर माती उचलली. ती रंगरावाच्या उपरण्याच्या टोकात बांधली, गाठ ओढून घट्ट केली आणि त्याच्या छातीवर एक थाप मारली.

“उद्या पहाटे ही दौलतच्या पाठीवर टाक. मग दोघं मिळून या... कुठलं घ्यायचं ते तेव्हा सांगतो.”