मालयुना झिपरू

एका गावात एक भोळा झिपरू राहायचा. लग्नाचं वय टळत आलेलं. मुलीकडचे येत, पोहे खात आणि "नवरा थोराड आहे" म्हणून जात. त्याच्या आईने हाय खाल्ली होती.

गावातल्या गुरुजींना एस्पेरांतो नावाच्या परक्या भाषेचा नाद. ते झिपरूची समजूत घालायला म्हणाले, "त्या भाषेत युना म्हणजे तरुण. म्हाताऱ्याला वेगळा शब्दच नाही. आधी माल लावला की अर्थ उलटा. मालयुना म्हणजे म्हातारा. म्हाताऱ्याच्या पोटातही तरुण असतोच रे."

झिपरूला कळलं ते एवढंच, की माल लावला की सगळं उलटं होतं. घरी येऊन त्याने कारल्यांवर कोळशाने 'माल' लिहिलं. भाजी कडूच झाली, वर काळीही. गुरुजी म्हणाले, "लिहून काय होतंय? तोंडाने बोलायचं असतं."

दुसऱ्या दिवशी बैल उधळला. झिपरू मागून ओरडत सुटला, "माल-चल, माल-चल." बैलाने 'चल' तेवढं ऐकलं आणि पाटलांचं कुंपण घेऊन गेला. गुरुजींनी कपाळ धरलं. म्हणाले, आधी समोरच्याला समजावून सांगावं, मग बोलावं.

तेवढ्यात गोदाचं स्थळ आलं. तिला झिपरू आवडला, का ते देव जाणे. झिपरू तिच्या आजीच्या पाया पडला. आजी रीतीप्रमाणे म्हणाली, "म्हातारा हो, बाबा."

झिपरूने आजीला अख्खी एस्पेरांतो समजावली आणि म्हणाला, "तर आजी, आधी माल लावून आशीर्वाद द्या. मला म्हातारा व्हायचं नाही."

झिपरूच्या आईने पदर तोंडात कोंबला. शेवटी आजी म्हणाली, "आमच्या गोदीला म्हातारा होणारा नवरा हवा. कबूल असेल तर लग्न."

"कबूल," झिपरू म्हणाला.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला मारुतीच्या देवळात बसवलं. वाजंत्री येईपर्यंत तो मागून सटकला. बाशिंग काढलं, केसांना-मिशांना पीठ फासलं आणि काठी टेकत, वाकत वाकत मांडवात आला. लोकांनी आदराने म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. तिकडे वऱ्हाड नवरदेवासाठी विहिरींत डोकावत होतं. मुहूर्त टळायला आला. गोदा हार धरून रडकुंडीला आली.

कोणी वडीलधारे पाहुणे समजून आजी झिपरूच्या पाया पडली. त्याने तिच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हातारी हो," म्हणाला.

गोदाने आवाज ओळखला. धावत आली आणि तिथेच त्याच्या गळ्यात हार घातला.

झिपरू दचकला. मुठीतल्या अक्षता सांभाळत म्हणाला, "अगं पोरी, नवरदेव तरी येऊ दे आधी."