गोडेरावांची वरची जागा

पृथ्वीच्या डोक्यावर बर्फाची जाड टोपी होती आणि माणसं गुहेत कुडकुडत होती, तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेच्या समुद्रात एक जुनी रीत होती. खारमावशी नावाची धार दक्षिणेकडून ऊब घेऊन यायची, ती सगळ्यांना वाटायची आणि गार, जड होऊन मुकाट्याने तळाशी जायची. तेवढीच मागून येणाऱ्या उबदार पाण्याला जागा व्हायची.

त्या उबेनेच बर्फ वितळला आणि गोडेराव जन्माला आले. गोडं, हलकं, चकचकीत पाणी! आल्या आल्या त्यांनी समुद्रावर पथारी पसरली.

"गार झालात ना? मग चला खाली," मावशी म्हणाली. "मागचे खोळंबलेत."

"बुडायचं? आम्ही?" गोडेरावांना हसू आवरेना. "मावशी, आमचं कूळ डोंगरमाथ्यावरचं. तळ गाठणं तुम्हा खाऱ्यांनाच शोभतं."

अशा थोरांच्या संगतीत मावशीचंही मीठ पातळ झालं आणि ती हलकी पडली. तिलाही बुडता येईना. मागची ऊब अर्ध्या वाटेतच अडली.

गोडेरावांना कोण आनंद! वरची जागा आता कायमची आपली. हिवाळ्यात अंग आखडू लागलं, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "पाहिलंत? ताठ बसणं आमच्या रक्तातच आहे."

हळूहळू ते पुरते गोठले. मग एक अस्वल आलं आणि त्यांच्या डोक्यावर ऐसपैस बसलं. 'खाली उतर' असं त्याला खडसावून सांगायचं गोडेरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ओठच हलेनात.